ग्रामसभेच्या वेशीबाहेर

वाशिम शहरापासून थोड्याच अंतरावर काटा नावाचं गाव आहे. त्या परिसरात पडलेला पाऊस काटेपूर्णेत उतरतो, काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याच्या बाजूला पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी शेवटी अरबी समुद्राला जातं. त्याच ढगातला थोडा पाऊस दक्षिणेच्या उतारावर पडला, तर तो पैनगंगेतून वर्धेत, तिथून प्राणहितेतून गोदावरीत आणि मग बंगालच्या उपसागरात पोहोचतो. वाशिम जिल्हा या दोन उतारांच्या पाठीवर बसलाय. पाऊस इथे अगदीच कमी पडतो असं नाही, पण पडतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. उन्हाळ्यात या जिल्ह्याची घागर रिकामी का असते, याचं अर्धं उत्तर या भूगोलात आहे. उरलेलं अर्धं माणसांच्या कारभारात आहे आणि तेच बघायला मी गेलो होतो.

अकोल्याहून निघालं की पातूरचा घाट चढावा लागतो. मग मेडशी, मालेगाव आणि पुढे वाशिम. हा आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झालाय, अकोला-हिंगोली-नांदेड. जानेवारीचे दिवस होते. सोयाबीन केव्हाच निघून गेलेलं, तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांवर. रस्ता इतका गुळगुळीत की मेडशी आलं कधी आणि गेलं कधी कळत नाही. गाड्या बाहेरून निघून जातात म्हणून आत धुरळा कमी आणि त्याच कारणाने हॉटेलवाल्यांचा गल्लाही कमी, अशी तक्रार चहाच्या टपरीवर ऐकू आली. बायपासचं असं असतंच. कोणत्याही बायपासचं पूर्णपणे चांगलं झालंय असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

वाशिमला उतरलं की आधी चार नाके कळतात. अकोला नाका, हिंगोली नाका, पुसद नाका, रिसोड नाका. शहराची वस्ती या नाक्यांच्या आत सुरू झाली आणि आता चारही बाजूंनी बाहेर सांडलीय. मध्यभागी पाटणी चौक. शहर जुनं आहे, फार जुनं. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची राजधानी इथे होती, तेव्हाचं नाव वत्सगुल्म. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची सोळा क्रमांकाची लेणी खोदली गेली. ती कोरवून घेणारा वराहदेव त्याचा मंत्री. १९३९ मध्ये इथेच विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला. अर्धा संस्कृत, अर्धा प्राकृत. त्यात काय आहे? नांदेडच्या बाजूचं एक गाव दान दिल्याची नोंद. म्हणजे वाशिमहून निघालेला हा सोळाशे वर्षांपूर्वीचा सरकारी कागद जमिनीचा आहे. कोणाला काय मिळालं, कोणत्या सवलती मिळाल्या, कोणी त्रास द्यायचा नाही. हे मी उगाच सांगत नाही. आजही या शहरातला सगळ्यात मोठा प्रश्न जमिनीच्या कागदाचाच आहे.

मधली शतकं सोडून देतो. इंग्रजांच्या वऱ्हाडात बाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १३,८२३ होती आणि दुष्काळाने आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या अकरा टक्क्यांनी घटली होती. १९०५ मध्ये सरकारने हा जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. त्यानंतर ९३ वर्षं वाशिमकर सातबाराच्या अपिलापासून शिक्षकाच्या बदलीपर्यंत प्रत्येक कामाला पातूरचा घाट उतरून अकोल्याला जात राहिले. १ जुलै १९९८ ला जिल्हा परत मिळाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. शासनाचं दार जवळ आलं की त्याचा फायदा सगळ्यात आधी कोणाला होतो? ज्याच्याकडे एसटीच्या भाड्याचे पैसे नाहीत त्याला. जिल्हा मागणाऱ्यांची ही मागणी मुळातच न्यायाची होती, असं माझं मत आहे.

पण जिल्ह्याचं मुख्यालय झालं की शहराचं आणखीही काही होतं. जिल्हाधिकारी कार्यालय काटा रोडवर गेलं आणि त्या बाजूच्या शेतांचे प्लॉट पडले. विदर्भात प्लॉट पडलेल्या शेताला सगळे ‘लेआऊट’ म्हणतात. शेत एन.ए. म्हणजे बिगरशेती करायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, दगड रोवायचे, प्लॉट विकायचे. नियमाने रस्ते आणि साधारण एक दशांश मोकळी जागा सोडावी लागते. रेघा मारताना ती सोडलेली असते. पुढे तिथे मंदिर येतं, मग समाजभवन, मग कोणाचं तरी कुंपण. नाल्या मात्र येत नाहीत. जिल्हा परिषदेतले शिक्षक, तलाठी, पोलीस, रिसोड-मानोऱ्याकडची शेतकऱ्यांची मुलं यांनी कर्ज काढून इथे घरं बांधली. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ७८ हजारांवर होती. आता ती बरीच पुढे गेली असणार, हे डोळ्यांना दिसतं.

एका लेआऊटमध्ये मी सकाळी फिरत होतो. घंटागाडी येऊन गेली होती. घरासमोर सडा टाकणाऱ्या एका मावशींनी हटकलं, कोण, कुठले. मी म्हटलं, गाव बघायला आलोय. त्या हसल्या. “गाव काय पाहता भाऊ, हा रोड पाहा. पावसाळ्यात इथून पोराले खांद्यावर घेऊन शाळेत न्या लागते.” तक्रार केली का, असं विचारलं. “कोणाले करू? मधात तं नगरसेवकच नव्हते. साहेब होते, ते पाटी पाहून सही करत.” त्यांनी बादली खाली ठेवली आणि बोटाने दाखवलं, रस्त्याचं एक टोक खडीकरणाचं, एक मातीचं. ज्या टोकाला खडी होती तिथे एका माजी पदाधिकाऱ्याचं घर असल्याचं त्यांनी सांगितलं. त्या गावाचं आणि वॉर्डाचं नाव मी लिहीत नाही. ते जिल्ह्यातल्या सहापैकी कोणतंही शहर असू शकतं आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याचं ठिकाण असू शकतं.

“मधात नगरसेवकच नव्हते” हे खरं आहे. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि निवडणुका झाल्या २०२५ च्या डिसेंबरात. तोवर प्रशासक. म्हणजे सुमारे चार वर्षं नगरपालिकांत लोकांना जबाबदार असा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. पाणीपट्टी मात्र वेळच्या वेळी येत होती.

पाटणी चौकात संध्याकाळी भाजीवाले बसतात. हातगाडी, पोतं, जमिनीवर पसरलेली मेथी. एका हातगाडीवर चिया बियाण्याची पुडी बघितली आणि मी थबकलो. या जिल्ह्यातले शेतकरी अलीकडे चिया पिकवू लागलेत आणि वाशिमच्या बाजार समितीत तिची खरेदी होते. सोयाबीनच्या भावाने दमवलेल्या माणसाने काढलेली ही वाट. हातगाडीवाल्याला विचारलं, रोज इथेच? तो म्हणाला, “इथंच. पण उठवतात कधी कधी.” फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात शहर फेरीवाला समिती असावी असं म्हटलंय आणि तिच्यातले ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. म्हणजे गाडा कुठे लावायचा, कुठे नाही, हे गाडा लावणाराही ठरवणार. त्याने ही समिती ऐकली नव्हती. फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचं कर्ज मात्र त्याला तोंडपाठ होतं, हप्त्यासकट. सरकार पैसे देते तेव्हा बातमी पोहोचते, अधिकार देते तेव्हा बहुधा पोहोचत नाही.

बालाजीच्या मंदिरात जाऊन आलो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी ते बांधलं, शेजारचं देवतळंही त्यांच्याच नावावर सांगतात. दगडी, चौकोनी, पायऱ्या उतरत गेलेलं. शहराला पाणी आता एकबुर्जी धरणातून येतं आणि उन्हाळ्यात सगळ्यांचं लक्ष धरणातल्या पातळीवर असतं. पण गावात तळी होती आणि तळ्यांना मालक होते, हे विसरता येत नाही. पद्मतीर्थही असंच. जुनी राजधानी तीर्थांनी भरलेली होती. ती तीर्थं म्हणजे त्या काळची पाणीपुरवठा योजनाच, फक्त तिला टेंडर नव्हतं.

आता जमिनीच्या कागदाकडे येतो. वाशिम आणि कारंजा या दोन्ही शहरांत जुन्या भागात ‘नझूल’ हा शब्द चहाइतका रोजचा आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायचं तर शहराच्या हद्दीतली सरकारी जमीन म्हणजे नझूल. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. काहींकडे पट्टा आहे, काहींकडे नाही, काहींचा पट्टा आजोबांच्या नावावर अडकलाय. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ मध्ये शहरांत आली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख. अडचणीची अट अशी, जागा तुमच्या नावावर हवी. म्हणजे ज्याला घराची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडेच कागद नाही. आधी पट्टा, मग घरकुल. पट्टेवाटपाची मोजणी, यादी, हरकती, सुनावणी या सगळ्या पायऱ्यांवर कोणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं. मी गेलो त्या एका गल्लीत एक निवृत्त कंडक्टर हे काम करत होते. सगळ्यांच्या घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, जुनी लाइटबिलं त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलेली. पाकिटावर नाव, त्याखाली काय कमी आहे ते लाल पेनाने. “ऑफिसात जाऊन भांडायचं नसते,” ते म्हणाले, “कागद पुरा न्यायचा असते. अधुरा कागद असला की साहेबही मोकळा आन् आपणही मोकळे.” शहरनियोजनाची पुस्तकं मी थोडीफार वाचलीत. या वाक्यापुढे ती फिकी वाटली.

वाशिमहून मंगरूळपीर. तिथे बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आणि दादा हयात कलंदर यांचा दर्गा, दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसं जातात. मुक्काम केला नाही. तिथून शेलूबाजार, जुन्या संभाजीनगर-नागपूर रस्त्यावरचं मोठं बाजारगाव. आणि शेलूबाजारला आलं की समृद्धी दिसते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्यातला शंभरेक किलोमीटरचा तुकडा एकट्या वाशिम जिल्ह्यातून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. जमिनी थेट खरेदीने घेतल्या, ग्रामीण भागात पाचपट मोबदल्याने. पैसा आला, त्यातून कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी वाशिमला प्लॉट घेतला, कोणी गाडी. पुढे महामार्गालगत नवनगरं वसवण्याची योजना आहे. कारंज्याजवळ सोहोळ काळवीट अभयारण्य आहे आणि वन्यप्राण्यांसाठी या महामार्गावर भुयारी मार्ग आणि पूल बांधलेत. दुचाकीला मात्र महामार्गावर बंदी. शेलूबाजारच्या पुलाखाली उभा होतो तेव्हा वरून गाड्या सुसाट जात होत्या आणि खालून तुरीची पोती लादलेल्या मोटारसायकली. काळविटाला ओलांडायला वाट आहे, मोटारसायकलवाल्याला चढायला नाही. सुरक्षेचं कारण योग्यच आहे, हे मान्य. पण ज्या जिल्ह्यात बहुतेक घरांची गाडी म्हणजे दुचाकी, त्या जिल्ह्याला हा रस्ता शेताच्या बांधावरून बघायचाच राहतो. नवनगरं होतील तेव्हा त्यांत तुरीची पोती नेणाऱ्याला जागा कुठे असेल, हा प्रश्न आराखड्याच्या वेळीच विचारायला हवा. एकदा डांबर पडलं की विचारून उपयोग नसतो.

कारंजा लाड हे या जिल्ह्यातलं माझं आवडतं गाव. गावाला चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त देशभरातून येतात. जैनांच्या सेनगण आणि बलात्कारगण परंपरांची मंदिरं आणि हस्तलिखितांची भांडारं इथे आहेत, १९१८ मध्ये सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम आहे. कापसाच्या व्यापाराने पैसा आला. त्या कापसासाठीच इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज घातली गेली. ‘शकुंतला’ म्हणून ती सगळ्या वऱ्हाडाला माहीत. देशाची रेल्वे सरकारी झाली तरी हिची मालकी किलिक निक्सन या खासगी कंपनीकडे राहिली. आता गाडी बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्यात आणि ब्रॉडगेजची मागणी चालू आहे. विदर्भात शकुंतलेसाठी सत्याग्रह झाले, निवेदनं गेली. गरिबाची गाडी होती ती. तिकीट स्वस्त, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त, आणि कोणी हात केला तर थांबायची म्हणतात.

पण कारंज्याचं खरं काम गावाबाहेर झालं, तालुक्यातल्या खेड्यांत. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कप दुसऱ्यांदा घेतला. आदल्या वर्षी तीन तालुके होते, त्या वर्षी तीस, त्यांत कारंजा होता. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. वऱ्हाडातला एप्रिल-मे ज्याने अंगावर घेतलाय त्याला हे दिवस काय असतात ते सांगायला नको. सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर माणसं टिकाव-घमेली घेऊन माळावर जायची. सलग समतल चर, शेततळी, कंपार्टमेंट बंडिंग, मातीनाला बांध. या तंत्रांचं प्रशिक्षण गावातल्या पाच-सहा जणांना आधी दिलेलं, त्यांत बायका. एका गावातल्या काकांनी मला त्यांचा चर दाखवला. उतारावर एकाच पातळीत आडवा खोदलेला, खालच्या बाजूला मातीचा बांध, त्यावर आता गवत. त्यांनी सांगितलं, पातळी काढायला पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून दोन टोकांना दोघं उभे राहायचे. “पाणी खोटं बोलत नाही,” असं ते म्हणाले, “तिकडचा माणूस म्हणला इथं खोद, तर खोदायचं. पाटील असो का कोणी.” पाणी दोन समुद्रांकडे पळून जाणाऱ्या या जिल्ह्यात ते जागच्या जागी थांबवणं हाच उपाय होता आणि तो लोकांनी हाताने केला. सगळ्याच गावांचं काम टिकलं असं नाही. बांध फुटले, चर बुजले, पुन्हा कोणी खोदले नाहीत. तरीही उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहिलेली गावं आहेत आणि ती गावं ते सांगायला थकत नाहीत.

हे सगळं ठरलं कुठे? ग्रामसभेत. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची सभा. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभा म्हणजे रामराज्य नव्हे, कित्येक गावांत कोरमच्या सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. पण सभा आहे. उठून विचारायचा हक्क आहे. २०१४ मध्ये याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका गृहिणीने घरात शौचालय नाही म्हणून मंगळसूत्र विकून ते बांधलं आणि देशभर बातमी झाली. तिने एकटीने केलं, आणि ते मोठंच. पण एका घराचा हट्ट गावाचा हट्ट व्हायला सभा लागते. गाडगेबाबांच्या नावाने चाललेलं ग्रामस्वच्छता अभियान जिथे रुजलं, तिथे ते अशाच बैठकांतून रुजलं.

शहराला अशी सभा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत. वाशिम त्याच्या आसपासही नाही, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर तर नाहीच. २००९ मध्ये राज्याने महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आणली. एका मतदान केंद्राच्या आसपासच्या लोकांनी एकत्र बसून कामं सुचवायची, अशी कल्पना. ती कागदावर राहिली. परिणाम असा की गावात राहणारा मजूर सरपंचाला भरसभेत हिशेब विचारू शकतो आणि तोच मजूर वाशिमला येऊन झोपडी टाकून राहिला की त्याचा तो हक्क नाक्यावरच गळून पडतो. मालेगाव आणि मानोरा यांचं तर डोळ्यांदेखत झालं. गेल्या दशकात तिथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. पाटी बदलली, मुख्याधिकारी आले, निधीचे नवे रकाने आले. ग्रामसभा गेली. ती गेल्याचं दुःख कोणी केलं नाही, कारण बढती झाल्याचा आनंद होता. मानोऱ्याला बसस्टँडवर एका म्हाताऱ्या काकांना हे विचारलं तर ते क्षणभर थांबून म्हणाले, “हाव ना. पयले आम्ही सभेत बसत होतो. आता ऑफिसात उभं राहतो.”

मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांचं स्थान, रामनवमीला मोठी यात्रा. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथल्या बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्‌घाटन पंतप्रधानांनी केलं. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत लांबून दिसते आणि आत समाजाचा इतिहास मांडलाय. तिथून काही अंतरावर एक तांडा होता. सिमेंटचा रस्ता आणि शाळा होती, नळाचे पाइप होते. पण तांडा गावाची वाडी म्हणून धरलेला, सरपंच गावचा, निधी गावाकडून यायचा. तांड्यांना स्वतःची ग्रामपंचायत मिळावी ही मागणी म्हणूनच जुनी आहे आणि तीत पैशाइतकीच पंगतीला बसण्याची गोष्ट आहे. इथे पुन्हा तेच. सभेत तुमची जागा कुठे?

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार, नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशिम. आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, पायाभूत सोयींना १०, बाकी १० आर्थिक समावेशन आणि कौशल्याला. दर महिन्याला आकडे भरले जातात, क्रमवारी लागते. त्यातून काम झालं, नाही असं नाही. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं आणि अकोल्याला रुग्ण नेण्याची धावपळ थोडी कमी होईल. पण त्या तक्त्यात लोक बोलले का, ऐकलं गेलं का, याला रकाना नाही. शहरी वस्ती जिल्ह्यात शंभरातली अठराच्या आसपास म्हणून शहरांचा विचार मागेच राहतो. वाढ मात्र सगळी तिथेच होतेय.

आणि बोलायलाही मुदत असते. नगरपालिकेची विकास योजना तयार होते तेव्हा नकाशावर मैदान, शाळा, मंडई, दवाखाना यांची आरक्षणं पडतात. ठराविक मुदतीत हरकती-सूचना द्यायच्या असतात. जमीनमालक आणि प्लॉटवाले देतात, कारण त्यांना नकाशा वाचता येतो. ज्यांच्या मुलांना ते मैदान हवं असतं, त्यांना तो नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला होता हेही कळत नाही. मग दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उडतं. महाराष्ट्रात कित्येक मैदानं अशी गेली. कोणी खाल्ली असं म्हणण्याची सोय नाही, कारण सगळं कायद्याने झालेलं असतं.

वाशिमसारख्या गावात राहणाऱ्या वाचकाला म्हणून एवढंच सांगतो. क्षेत्रसभेची वाट बघू नका. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून ऐकता येते. आता चार वर्षांनी निवडून आलेली माणसं तिथे आहेत. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडलं जातं, त्या दिवशी गल्लीतल्या चौघांनी जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसा. आपल्या वॉर्डाची विकास योजनेतली पानं अर्ज करून मागून घ्या, आरक्षणं कुठे आहेत आणि त्यांना किती वर्षं झाली ते लिहून ठेवा. फेरीवाला समिती आहे का, असल्यास तिच्यावर कोण आहे, ते विचारा. आणि जाताना कागद पुरा न्या.